ताउनोची सहा फुटी भाची

ताउनो लेहतोला तिकडे एस्कनाबा शहरात एक मुलगी आहे, अशी कुजबुज एका ऑक्टोबरात आमच्या गावात सुरू झाली. मुलगी सतरा वर्षांची. उंची सहा फूट दोन इंच, म्हणजे थेट बापाएवढी. लिहिते डाव्या हाताने, पण बंदूक उजव्या खांद्याला लावते. आई कोण, याबद्दल दोन मतं होती. पण दोन्ही मतांतली बाई एस्कनाबाच्या डेअरीत हिशेब लिहायची आणि डावखुरी होती, त्यामुळे वाद शेवटी तिच्या केसांच्या रंगापुरता उरला.

ताउनोला ओळखणाऱ्या माणसाला हे ऐकून खरं तर हसू फुटायला हवं होतं. पण बातमी रसाळ असली की माणूस आधी पुढचं विचारतो आणि हसायचं राहूनच जातं.

ताउनो म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लाजाळू माणूस. कागदाच्या गिरणीला लाकडं वाहणारा ट्रक चालवण्यात त्याचा जन्म गेला. बायकांशी बोलायची वेळ आली की तो हवामानावर बोलायचा, आणि हवामानावरचं संपलं की टोपी शोधायला लागायचा. लेम्पीला मागणी घालायला तो तीन उन्हाळे नाचाच्या हॉलमध्ये येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. शेवटी तिनेच त्याला बाहेर नेलं आणि म्हणाली, "हे बघ, मला थंडी वाजायच्या आत हो म्हण." तो हो म्हणाला. असा माणूस एस्कनाबात जाऊन परस्पर संसार थाटेल, हे पटायला गावाला फार सोसावं लागलं असेल. पण गावाने सोसलं.

एकाच विषयावर मात्र ताउनोला वाचा फुटायची. बंदुका. त्याच्याकडे तीनशे मॅग्नम रायफल होती, बापाकडून आलेली. तिला तो बिशप म्हणायचा. कारण बिशप बोलला की सगळे गप्प. आणि खरंच, आमच्या शिकारीच्या कॅम्पात बिशप धडाडला की झाडावरचा बर्फ खाली यायचा आणि चुलीवरचं झाकण हलायचं. त्याच्याहून लहान बंदूक घेऊन कुणी आला की ताउनो त्याला दारातच विचारायचा, "खारी मारायला आलास का रे? खारींचा मोसम संपला." चाळीस वर्षं तो हेच विचारत आला. मलाही विचारलं. एकदा तर बिचाऱ्या वनरक्षकालाही विचारलं.

आमचा कॅम्प म्हणजे ओढ्याकाठची एक लाकडी खोली, पाच खाटा, एक लोखंडी चूल, आणि खोलीपेक्षा चांगली बांधलेली सौना, म्हणजे वाफेचं न्हाणीघर. भिंतीवर शर्टांच्या कापलेल्या शेपट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाची मागची शेपटी त्याच संध्याकाळी कापायची आणि नावासकट भिंतीवर लावायची, ही रीत माझ्या लहानपणापासूनची. मागच्या दोन वर्षांत तिथे ताउनोच्या दोन शेपट्या लागल्या होत्या. एकीच्या खाली आमच्या कॅम्पातल्या लुईने खडूने लिहून ठेवलं होतं: 'हरीण सुखरूप. बर्च झाड वाचू शकलं नाही.'

शेपट्यांचं ताउनोला फारसं वाईट वाटत नव्हतं. त्याला भीती होती ती ॲप्रनची.

त्याचं असं आहे. आमच्या कॅम्पात ज्याचं शरीर थकलं त्याला कुणी घरी बस म्हणत नाही. त्याला प्रेमाने स्वयंपाकाचा ॲप्रन देतात. लुई पेलतिएने एका वर्षी जेवताना नुसतं म्हटलं होतं, "आज गुडघा जरा धरलाय." दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघतो तो त्याच्या खुंटीवर कोटाच्या जागी ॲप्रन. बंदूक कुणीतरी नीट तेल लावून पेटीत ठेवलेली. कुणी वाईट बोललं नाही, सगळ्यांनी पाठ थोपटली. तेव्हापासून लुई आमच्यासाठी वाटाण्याचं सूप करतो आणि त्याच्या मचाणावर दुसरा बसतो. त्याचा गुडघा आठवड्यात बरा झाला होता, पण ॲप्रन कुणी परत घेतला नाही.

आणि ताउनोचं मचाण म्हणजे साधं मचाण नव्हे. देवदारांच्या कड्यावर त्याच्या बापाने स्वतःच्या हाताने बांधलेलं. फळीवर बापाच्या चाकूच्या खुणा. त्यावर डोळा ठेवून बसला होता ओनी, लेम्पीचा धाकटा भाऊ, ताउनोचा मेहुणा. ओनी वाईट माणूस नाही. पण दरवर्षी तो त्या मचाणाच्या शिडीला हात लावून म्हणायचा, "पायऱ्या चढवतात ना रे अजून?" हा प्रश्न प्रेमाचा नव्हता.

तर दोन वर्षांपूर्वी ट्रकवर लाकडांची साखळी आवळताना ताउनोच्या उजव्या खांद्यातलं काहीतरी तुटलं होतं. त्याने ते कुणालाच सांगितलं नाही. लेम्पीला कळलं, कारण त्याला कोट घालता येईना आणि तो म्हणायला लागला की यंदा थंडी कमी आहे. शहरातल्या डॉक्टरने खांदा शिवला आणि बजावलं, "ती तोफ पुन्हा इथे टेकवलीस तर पुढच्या खेपेला मी शिवणार नाही. हात गळ्यात बांधून देईन, कायमचा." तरी ताउनोने दोन मोसम बिशप नेलाच. पण चाप ओढायच्या आधीच त्याचे डोळे मिटायचे, खांदा मागे पळायचा आणि गोळी बर्चला लागायची.

म्हणजे आता दोनच वाटा होत्या. एक, धक्का न देणारी लहान बंदूक घ्यायची आणि चाळीस वर्षं ज्यांना खारीवाले म्हटलं त्यांच्या तोंडावर ती कॅम्पात न्यायची. नेली की पहिला प्रश्न येणार: का? आणि त्या प्रश्नाच्या उत्तरामागोमाग ॲप्रन. दुसरी, काहीच न करता आणखी एक बर्च मारायचा. ताउनोने तिसरी वाट शोधली. लाजाळू माणूस खोटं बोलायला लागला की काय होतं, ते आता ऐका.

नेटी ट्रेम्बाथचं दुकान तुम्ही पाहिलेलं नसेल. पुढे खिळे, रंग आणि बर्फ उपसायची फावडी, मागच्या भिंतीवर बंदुका, आणि मधे गल्ल्यावर नेटी. नवरा गेल्यापासून ती एकटीच दुकान बघते. गावात कुणाला दिवस गेलेत हे नर्सच्या आधी तिला कळतं, कारण नवरे पाळण्याचे खिळे तिच्याकडूनच नेतात. हा सगळा संवाद तिने मला स्वतः ऐकवला आहे, दोन्ही आवाज काढून.

"एक बंदूक हवी होती," ताउनो खिळ्यांच्या डब्याला म्हणाला.

"का? बिशप वारला?"

"छे छे. बिशप ठणठणीत आहे. ही दुसऱ्या कुणासाठी. हरणालाच, पण धक्का कमी देणारी."

"कुणासाठी?"

"भाचीसाठी." एवढं एक उत्तर तो घरून पाठ करून आला होता.

"भाची?" नेटीने चष्मा वर केला. "म्हणजे ओनीची मुलगी? अगं बाई, ओनीने लग्न कधी केलं?"

"ओनीची नव्हे."

"मग तुझ्या बहिणीची? तुला बहीण कधी झाली, ताउनो?"

"लांबची आहे," ताउनो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "लांबची. एस्कनाबाकडची."

"बरं. वय?"

"सतरा."

"उंची?"

"उंची कशाला हवी?"

"अरे बाबा, बंदूक घ्यायची की टोपी? दस्ता हाताच्या मापाचा नको? आखूड झाला तर अंगठा नाकावर आपटतो. लांब झाला तर खांद्यात नीट बसत नाही आणि लाथ भलतीकडे बसते. उंची सांग."

आता ताउनोला बंदूक तर स्वतःच्या मापाची हवी होती. तो म्हणाला, "माझ्याएवढी."

नेटीने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "सतरा वर्षांची पोर सहा फूट दोन इंच?"

"आमच्यात सगळे उंचच असतात."

"आणि अंगाने? काटकी की भरलेली?"

ताउनोने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "भरलेली."

"डावखुरी आहे?"

हा प्रश्न इतका झटकन आला की घाबरून तो हो म्हणून गेला.

"मग डाव्या हाताची मागवावी लागेल. नाताळापर्यंत येईल."

"नाही!" ताउनो एवढ्याने ओरडला की रंगाच्या शेल्फाशी उभं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "लिहिते डाव्या हाताने. बाकी सगळं उजव्या."

नेटीने गल्ल्यावर चादर अंथरली आणि तीन बंदुका काढून ठेवल्या. ताउनोने पहिली उचलली. पिसासारखी हलकी. त्याचा चेहरा उजळला.

"खाली ठेव ती," नेटी म्हणाली. "सगळे पुरुष आधी तीच उचलतात. उचलायला परी आहे, पण हलकी बंदूक लाथ जोरात मारते. जड बंदूक आपला निम्मा धक्का आपणच गिळते. तुझ्या भाचीला डोंगर चढायचेत की मचाणावर बसायचंय?"

"बसायचंय."

"मग वजनाला भिऊ नको. ही दुसरी बघ, खटका खालीवर करायची, तुझ्या बापाच्या पिढीची. धक्का बेताचा, पण दस्त्याच्या टोकाला पत्रा आहे. दुखऱ्या खांद्याला पत्रा चांगला नाही."

"दुखऱ्या कुठे? तिचा खांदा चांगला आहे."

"असेल. पोरींचे खांदे नाजूक असतात म्हणून म्हटलं." नेटीने तिसरी पुढे सरकवली. "ही घे. दोनशे त्रेचाळीस. गोळी लहान, बारूद थोडी, नळी जाड, मागे दोन बोटं रबर. हिने खांद्याला कळतसुद्धा नाही."

ताउनोने काडतूस हातात घेतलं. बिशपच्या काडतुसापुढे ते खडूच्या तुकड्यासारखं दिसत होतं. चाळीस वर्षांत ज्यांच्यावर हसला ते सगळे त्याच्या डोळ्यांपुढून गेले असणार. "याने हरीण पडतं?" त्याने विचारलं.

"नीट जागी लागली तर पडतं. बिशपने गेल्या वर्षी काय पाडलं?"

ताउनो खिळ्यांच्या डब्याकडे बघायला लागला.

"लावून बघ," नेटी म्हणाली. "भाची नाही इथे, पण उंची तर तीच आहे."

त्याने ती खांद्याला लावली. न्हाऊ घातलेलं बाळ आई जशी खांद्यावर घेते, तशी. नेटीने ते पाहिलं आणि बंदूक जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून दिली.

तीनचार दिवसांत एस्कनाबाची भाची ताउनोची मुलगी होऊन घराघरांत पोचली. ताउनोची अडचण तुमच्या लक्षात येतेय ना? मुलगी नाही म्हणावं, तर बंदूक कुणाची ते सांगावं लागतं. बंदूक आपली म्हणावं, तर खांदा सांगावा लागतो. खांदा सांगितला की मचाण गेलं. म्हणून तो गप्प राहिला, आणि गप्प राहिलेल्या माणसावर गाव काय वाटेल ते शिवून घेतं. पेट्रोल पंपावर लोक त्याच्याशी जरा आदराने बोलायला लागले. ज्यांनी त्याला आयुष्यभर बावळट समजलं ते म्हणायला लागले, "मुरलेला निघाला हो!" न्हावी त्याच्याकडून केस कापायचे पैसे घेईना. ताउनोने आयुष्यात पहिल्यांदा कॉलर ताठ करून रस्त्याने चालून पाहिलं, आणि मग पुढच्या वळणावर स्वतःचीच लाज वाटून खाली पाडली.

लेम्पीची मात्र सगळ्यांना कणव आली. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना ती कोपऱ्यात बसून लाल लोकरीचे मोठाले हातमोजे विणत होती. कुणीतरी हळूच विचारलं, "कुणासाठी गं?" लेम्पी सुया न थांबवता म्हणाली, "त्या मुलीसाठी. थंडीत बसायचंय तिला. तिचा बिचारीचा काय दोष?" आणि रुमालाने डोळे टिपले. त्या दिवशी तळघरात केक कुणालाच गोड लागला नाही. तरी संपला.

ओनी तर मुठी वळूनच त्यांच्या घरी गेला. "माझ्या बहिणीला दगा दिलास!" तो दारातून गरजला. ताउनो तेव्हा टेबलाशी बसून लाल हातमोजे घालून बघत होता. ते त्याला अगदी बरोबर बसत होते. ओनीच्या ते लक्षात आलं नाही. रागावलेल्या माणसाला हातमोजे दिसत नाहीत.

"ओनी, बूट काढ, फरशी पुसलीय," लेम्पी म्हणाली. "आणि ओरडू नकोस. मी माफ केलंय."

"तू केलंयस. मी नाही!"

"तू करायचं काही कारणच नाही. पास्टी खातोस का?"

ओनीने रागारागाने खिमा-बटाटा भरलेल्या, तळहाताएवढ्या दोन पास्ट्या खाल्ल्या आणि गेला.

नवी बंदूक लावायला, म्हणजे तिचा नेम जुळवायला, नवरा-बायको एका मंगळवारी खडीच्या खाणीत गेले, जिथे आठवड्याच्या मधल्या वारी कुणी फिरकत नाही. पहिल्या गोळ्या कागदावर कुठेच दिसेनात. ताउनो वैतागला. "बघ, म्हटलं नव्हतं? खारीची बंदूक."

"दे इकडे," लेम्पी म्हणाली. नेटीने तिला एक युक्ती शिकवली होती. तिने पाठ फिरवली, बंदुकीत काहीतरी केलं आणि त्याच्या हातात दिली. "मार."

ताउनोने चाप ओढला. आतून नुसती टिक झाली, कारण आत वापरलेलं रिकामं काडतूस होतं. पण ताउनोचे डोळे घट्ट मिटले, खांदा मागे उडाला आणि तोंडातून "हुं!" निघालं.

लेम्पी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "बंदूक तर गप्प होती," ती म्हणाली. "मग ओरडलं कोण?"

ताउनोने बंदूक पुन्हा तिच्या हातात दिली. लेम्पी तशीच देत राहिली, कधी भरलेली, कधी रिकामी, आणि आत काय आहे ते त्याला कळू देईना. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला त्याचे डोळे उघडे राहायला लागले आणि कागदावरची भोकं एका पास्टीखाली झाकता येतील इतकी जवळ आली. परतताना ट्रक त्याने चालवला, पण गाणं लेम्पीने म्हटलं.

मोसम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. आदल्या दिवशी आम्ही सगळे बंदुका लावून बघतो आणि मग सौनात जातो. सौनात आमची आणखी एक रीत आहे. शहाण्या माणसाला ती सांगायची लाज वाटावी अशी आहे, पण आहे. वाफेत बसल्यावर प्रत्येकाने खांदा पुढे करायचा आणि बंदुकीच्या धक्क्याने कुणाचा सगळ्यात काळानिळा झालाय ते ठरवायचं. ज्याचा सगळ्यात काळा, त्याने वरच्या फळीवर बसायचं. वर्षानुवर्षं तिथे ताउनोच बसत आला होता.

त्या दिवशी ताउनो दुपारी उशिरा आला. आपण बिशप घरीच लावून आलो असं म्हणाला. मग कपडे काढून सौनात शिरला, तो काय खांदा होता म्हणून सांगू! जांभळा, निळा, कडेने लालसर, परडीएवढा. लुईने तर टोपी नसलेल्या डोक्यावरून टोपी काढल्याचा अभिनय केला. ताउनो ऐटीत वरच्या फळीवर बसला. त्याच्या खालच्या फळीवर ओनी, अजून रागावलेला, पाठ त्याच्याकडे करून.

मी तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ उठली. सगळे घामाघूम व्हायला लागले. आणि ताउनोचा खांदा वितळायला लागला.

आधी एक जांभळा ओघळ दंडावरून आला. मग दुसरा छातीवरून. मग टप्पकन एक थेंब ओनीच्या मानेवर पडला. ओनीने मानेवर हात फिरवला, बोट डोळ्यांपुढे धरलं, वास घेतला, आणि चाटलं.

"हा लेम्पीचा ब्लूबेरीचा मुरंबा आहे," तो म्हणाला. "दालचिनी घालते ती."

चुलीत एक लाकूड तडकलं.

"ताउनो," मी म्हटलं, "काय रे हे?"

ताउनो वरच्या फळीवर जांभळा होऊन बसला होता, सगळीकडून टपटप गळत. सांगण्यावाचून सुटका नव्हती. "बंदूक माझी आहे," तो म्हणाला. "भाचीची नाही. माझीच. बाहेर ट्रकमध्ये आहे. बिशप आता झेपत नाही."

"म्हणजे एस्कनाबाला मुलगी नाही?" ओनीने विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"मी एस्कनाबात डेअरीपाशी ट्रकसुद्धा कधी उभा केला नाही."

"मग मी तीन आठवडे कुणावर रागावत होतो?" ओनी उभा राहिला. त्याला खरोखरच फसवल्यासारखं वाटत होतं. पण मग त्याच्या डोक्यात दुसरा विचार शिरलेला मला दिसला, वाफेतसुद्धा दिसला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "ताउनो, अरे, सांगायचं नाहीस का? खांदा म्हणजे काय खेळ आहे? तू आता आराम कर. त्या कड्यावरच्या थंडीत बसायची काही गरज नाही."

मऊ आवाज ऐकला आणि ताउनोचा चेहरा पडला. असाच आवाज लुईच्या गुडघ्यासाठी निघाला होता. बाहेर येईस्तोवर कुणीतरी ॲप्रन काढून ताउनोच्या खाटेवर ठेवलाही होता.

पण लुईने तो उचलला आणि स्वतःच्या कमरेला परत बांधला. इतक्या वर्षांत ॲप्रन टाकायची एवढी चांगली संधी त्याला मिळाली नव्हती, तरी तो गाठ मारत म्हणाला, "माझ्या वेळी मला कुणी एक सकाळसुद्धा दिली नाही. याला एक सकाळ द्या. सूप तयार व्हायच्या आत हरीण आलं तर मचाण त्याचं. नाही आलं तर ॲप्रन."

"त्या खारीच्या बंदुकीने?" ओनी म्हणाला.

"तुला कशाची भीती वाटते मग?" लुईने विचारलं.

ओनी चुलीत लाकूड सारायला वाकला.

सकाळी आम्ही आपापल्या जागी गेलो. हवा अशी स्थिर होती की ओढ्यापलीकडच्या सुतारपक्ष्याचे ठोके मोजता येत होते. आमच्यात प्रत्येकाला प्रत्येकाच्या बंदुकीचा आवाज ओळखू येतो. जो तो तेच ऐकत बसलेला. उजाडल्यावर थोड्या वेळाने कड्याच्या बाजूने एक फळी मोडल्यासारखा कोरडा आवाज आला. एकच. मग काही नाही.

ओनी माझ्याजवळच्या वाटेवर आला. "थंडीने फांदी तडकली," तो म्हणाला.

"असेल," मी म्हटलं.

"बंदूक असती तर दुसरी मारली असती ना त्याने. बिशपने तो लागोपाठ तीन गोळ्या मारायचा."

"असेल."

ओनीला चैन पडेना. आम्ही दोघे कड्यावर गेलो. वाटेत तो मला मचाणाची शिडी बदलायचा विचार सांगत होता. वर पोचलो तर मचाण रिकामं. खाली देवदारांच्या मधे ताउनो एका ओंडक्यावर लाल हातमोजे घालून पास्टी खात बसला होता. त्याच्या पायाशी आठ टोकांच्या शिंगांचा नर पडला होता. इतका शांत, की जणू स्वतःच येऊन झोपलाय.

ताउनोने आमच्याकडे पाहिलं, तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "तो पडताना मला दिसला." त्याने हातमोज्याने तोंड पुसलं. "इतकी वर्षं शिकार केली, पण पडताना कधी दिसलाच नव्हता. डोळे मिटलेले असायचे. बापानेही कधी पाहिलं नसेल. बिशप त्याचाच."

ओनीने शिंगं मोजली. दोनदा मोजली. मग दोरी काढली आणि नर ओढायला स्वतःला जुंपून घेतलं, कारण ताउनोचा खांदा दुखरा होता. कॅम्पापर्यंत तो एकदाही थांबला नाही. लुईने दारात उभं राहून पळी वर केली. सूप अजून शिजायचं होतं.

मचाण ताउनोकडेच राहिलं. बिशप आता त्याच्या घरी दिवाणखान्यात टांगलाय. पाहुणे आले की ताउनो त्याच्यावरची धूळ पुसून दाखवतो. आणि त्या हिवाळ्यात नेटीच्या दुकानात एक मजा झाली. आमच्या कॅम्पातले एकेक जण, दुसरं कुणी नाही असं बघून, तिच्याकडे यायला लागले. एकाला पुतणीसाठी हलक्या धक्क्याची बंदूक हवी होती. एकाला नातसुनेसाठी. ओनी आला आणि म्हणाला, त्याची एक मानलेली मुलगी आहे.

"उंची किती?" नेटीने विचारलं.

"पाच फूट नऊ इंच," ओनी म्हणाला. "मिशा नाहीत."

नेटीने प्रत्येकाला वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि एका शब्दाने कुणाला काही बोलली नाही. मला बोलली, पण मी काय, घरचाच.

एस्कनाबाच्या मुलीची गोष्ट मात्र मेली नाही. आमच्या कॅम्पाला खरं कळलं तरी बाकीच्या गावाला ती सोडवेना. तिचं पुढे लग्न झालं, तिला जुळं झालं असंही मी ऐकलं आहे. ही कुजबुज नेटीने उठवली असं सगळे धरून चालतात. मीही तसंच समजत होतो. लेम्पीने मला खरं सांगितलं ते ताउनोच्या सत्तराव्या वाढदिवसाला, भांडी धुताना.

नेटीने त्या संध्याकाळी तिला फोन करून फक्त एवढंच कळवलं होतं की तुझ्या नवऱ्याने स्वतःसाठी चांगली बंदूक निवडली आहे आणि तो काहीतरी भाचीबिची म्हणत होता. मुलीची कुजबुज लेम्पीने स्वतः, स्वतःच्या तोंडाने, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सुरू केली. नवऱ्याला चोरून झालेली मुलगी आहे असं लोकांनी म्हटलेलं तिला चालत होतं. त्याचा खांदा गेला आहे असं म्हटलेलं चालत नव्हतं.